दीर्घकालीन आजारांतील ऑस्टिओपॅथी उपचार

ऑस्टिओपॅथी ही स्नायू, सांधे, पाठीचा कणा आणि त्यांना जोडणाऱ्या ऊती यांची हातांनी तपासणी करून प्रामुख्याने हातांनीच उपचार करणारी पद्धती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तिचा उगम झाला. जुनाट कंबरदुखी, मानदुखी, सर्वांगदुखी, दीर्घ थकवा अशा तक्रारी घेऊन अनेक रुग्ण या उपचाराकडे वळतात. त्यांतील बऱ्याच जणांच्या रक्ततपासण्या व क्ष-किरण चित्रे निर्दोष आलेली असतात आणि त्यामुळे त्यांच्या दुखण्यावर घरात व दवाखान्यात अविश्वास दाखवला गेलेला असतो. जुनाट कंबरदुखीत या उपचाराचा मर्यादित लाभ दिसून आला आहे. अन्य अनेक आजारांबाबतचे दावे सिद्ध झालेले नाहीत. भारतात ऑस्टिओपॅथी ही आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील चिकित्सापद्धतींपैकी नाही.

नाव

'ऑस्टिओपॅथी' हा शब्द ग्रीक भाषेतील 'ऑस्टिऑन' (हाड) आणि 'पॅथॉस' (दुःख, व्याधी) या दोन शब्दांपासून बनला आहे. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. 'अस्थिचिकित्सा' असे म्हटल्यास हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगशास्त्राशी, म्हणजे ऑर्थोपेडिक्सशी, गल्लत होते. 'होमिओपॅथी'शी असलेले साम्य केवळ उच्चाराचे आहे. त्या पद्धतीशी ऑस्टिओपॅथीचा काहीही संबंध नाही. कण्यावरील हस्तोपचारांसाठी प्रसिद्ध असलेली 'कायरोप्रॅक्टिक' ही पद्धतीही वेगळी असून तिचा उगम अमेरिकेतच १८९५ मध्ये झाला.

इतिहास

अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हे ऑस्टिओपॅथीचे प्रवर्तक होत. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. त्या काळी पारा, अफू आणि रक्तमोक्षण यांचा सढळ वापर होत असे. प्रचलित औषधोपचारावरील स्टिल यांचा विश्वास या आघाताने डळमळला. शरीराची रचना व त्याचे कार्य परस्परावलंबी आहेत आणि शरीरात स्वतःला सावरण्याची शक्ती आहे, या विचारांवर आधारलेली आपली पद्धती त्यांनी १८७४ मध्ये जाहीर केली. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी या विषयाचे पहिले विद्यालय काढले.

पुढे या पद्धतीचे दोन स्वतंत्र प्रवाह झाले. अमेरिकेत तिच्या महाविद्यालयांनी आधुनिक वैद्यकाचा संपूर्ण अभ्यासक्रम स्वीकारला. त्यामुळे तेथील ऑस्टिओपॅथिक डॉक्टर औषधे देतात, शस्त्रक्रियाही करतात. हस्तोपचार हा त्यांच्या शिक्षणाचा केवळ एक भाग असतो. युरोपात मात्र ऑस्टिओपॅथ हे मुख्यतः हस्तोपचार करणारे व्यावसायिक राहिले. स्टिल यांचे शिष्य जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी स्थापन केली. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने या व्यवसायाचे नियमन सुरू झाले. फ्रान्सने २००२ मध्ये त्याला कायदेशीर मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या प्रशिक्षणासाठी मानके प्रसिद्ध केली.

तपासणी व उपचाराचे स्वरूप

पहिल्या भेटीत रुग्णाचा पूर्वेतिहास, कामाचे स्वरूप, झोप, जुन्या दुखापती व शस्त्रक्रिया यांची सविस्तर विचारपूस होते. त्यानंतर उभे राहणे, वाकणे, चालणे यांचे निरीक्षण करून स्नायूंचा ताण व सांध्यांची हालचाल हाताने तपासली जाते. पुढील तंत्रे विशेष प्रचलित आहेत :

• मृदू ऊतींवर दाब व ताण देणे – हे मालिशाच्या जवळचे तंत्र आहे.
• सांधे त्यांच्या सहज कक्षेत हळूहळू फिरवणे.
• अल्प अंतराचा जलद झटका देणे – यात अनेकदा 'कट' असा आवाज होतो. तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी संबंधित असतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.
• रुग्णाने स्नायू आवळायचा व उपचारकाने त्याला प्रतिरोध करायचा, अशी स्नायुशक्ती-तंत्रे.
• कवटीवर अत्यंत हलका स्पर्श करणारी 'क्रेनियल' पद्धत – कवटीच्या हाडांची लयबद्ध हालचाल हाताला जाणवते, या तिच्या मूळ गृहीतकाला विश्वसनीय आधार मिळालेला नाही.

'सरकलेली हाडे जागेवर बसवणे' हे या उपचाराचे लोकप्रिय स्पष्टीकरण आजच्या शरीरशास्त्राला मान्य नाही. स्पर्श व हालचालीमुळे मज्जासंस्थेत वेदनेचे संदेश काही काळ मंदावतात, स्नायू सैलावतात आणि हालचालीची भीती कमी होते, असे मानले जाते. पुरेसा वेळ देऊन केलेली विचारपूस व रुग्णाची अपेक्षा यांचाही परिणामात वाटा असतो.

गैरसमजाचे बळी ठरलेले आजार

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. ताज्या दुखापतीत वेदना ही धोक्याची सूचना असते. दीर्घकालीन वेदनेत मात्र मूळ इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था सूचना देतच राहते. इजेचा किंवा मज्जातंतूच्या आजाराचा स्पष्ट पुरावा नसताना वेदनासंवेदनेच्या बदललेल्या प्रक्रियेमुळे होणाऱ्या वेदनेसाठी 'नोसिप्लास्टिक वेदना' ही संज्ञा २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने स्वीकारली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'प्राथमिक दीर्घकालीन वेदना' हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला आहे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. 'तपासण्यांत काही निघाले नाही, म्हणजे दुखणे खरे नाही' हे अनुमान यामुळे शास्त्रदृष्ट्या निराधार ठरते.

या गटात किंवा त्याच्या आसपास पुढील आजार येतात :

• फायब्रोमायल्जिया – सर्वांगदुखी, ताजेतवाने न करणारी झोप, थकवा व एकाग्रतेचा अभाव ही याची लक्षणे होत. रक्ततपासणीत त्याचे निश्चित चिन्ह सापडत नाही. स्त्रियांमध्ये याचे निदान अधिक होते आणि 'कामचुकारपणा' हा आरोपही त्यांच्याच वाट्याला अधिक येतो.
• मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, अर्थात दीर्घ थकव्याचा विकार – थोड्याशा श्रमानंतर, कधी कधी एक-दोन दिवसांनी, लक्षणे तीव्र होणे हे याचे मुख्य वैशिष्ट्य आहे. कोविडोत्तर दीर्घ आजारातही काही रुग्णांना हाच अनुभव येतो.
• एंडोमेट्रिओसिस – गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना तो होतो. 'पाळीत दुखायचेच' या समजुतीमुळे निदानास अनेकदा वर्षानुवर्षे विलंब होतो.
• अतिलवचिक सांध्यांचे विकार – सांधे प्रमाणाबाहेर वाकतात व वारंवार निखळतात. बालपणी ते कौतुकाचा विषय ठरतात आणि पुढे दुखण्याचे कारण.
• चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी – २००५–०६ मध्ये भारतात उसळलेल्या साथीत महाराष्ट्राचाही समावेश होता. ताप उतरल्यावर काही रुग्णांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहतात.

शास्त्रीय पुरावा

ऑस्टिओपॅथीचा सर्वाधिक अभ्यास जुनाट कंबरदुखीत झाला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५५ रुग्ण होते. आठ आठवड्यांतील सहा उपचारसत्रांनंतर खऱ्या उपचाराच्या गटात नाममात्र उपचाराच्या गटापेक्षा अधिक रुग्णांना वेदनेत मध्यम स्वरूपाचा आराम पडला. फ्रान्समधील ४०० रुग्णांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही फरक आढळला. परंतु तो इतका लहान होता की रुग्णाच्या दैनंदिन जीवनात तो जाणवेलच असे संशोधकांना वाटले नाही. कण्यावरील हस्तोपचारांच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीत हे उपचार अन्य शिफारसप्राप्त उपचारांइतकेच परिणामकारक ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी हस्तोपचारास अनुमती दिली ती व्यायामासह दिल्या जाणाऱ्या एकत्रित उपचाराचा भाग म्हणूनच. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक दीर्घकालीन कंबरदुखीविषयी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, कण्यावरील हस्तोपचार, मालिश व मानसोपचार यांचा स्वीकार आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून दिले जाणारे ट्रॅक्शन व अफूवर्गीय वेदनाशामके यांची मात्र सरसकट शिफारस केलेली नाही. आपल्याकडे कंबर दुखू लागली की प्रथम पट्टा विकत घेतला जातो, म्हणून ही बाब लक्षणीय ठरते.

फायब्रोमायल्जियात हस्तोपचाराने काही काळ बरे वाटू शकते, पण टिकाऊ लाभाचा भक्कम पुरावा नाही. तेथे नियमित, हळूहळू वाढवलेला व्यायाम हा अधिक आधारभूत उपाय आहे. दीर्घ थकव्याच्या विकारात मात्र हाच सल्ला हानिकारक ठरू शकतो. ठरावीक क्रमाने श्रम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे 'नाइस'ने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. म्हणून बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या या दोन आजारांतील भेद ओळखणे उपचारकाला अत्यावश्यक आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये ओटीपोटाच्या स्नायूंचा ताण हाताने सैल करता येतो. मूळ आजार त्याने जात नाही.

धोके व निषिद्ध परिस्थिती

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे सामान्य आहे. गंभीर अपाय विरळा आहेत, पण ते घडतात. मानेला झटका दिल्याने मानेतील रोहिणीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. हाडांची ठिसूळता, अस्थिभंग, कर्करोग, संधिवाताने सैल झालेले मानेचे सांधे, अतिलवचिक सांधे व रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना झटक्याची तंत्रे टाळली जातात.

भारतात विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आजार म्हणजे कण्याचा क्षय. हाडे व सांध्यांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा कण्यात आढळतो. महिनोन्महिने चालणारी पाठदुखी हे त्याचे पहिले आणि कित्येकदा एकमेव लक्षण असते. पोखरलेल्या मणक्यावर झटका दिल्यास मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडू शकतात. वेळीच औषधे सुरू केल्यास हाच आजार बरा होतो.

संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पायातील वाढता अशक्तपणा, बैठकीच्या जागी बधिरता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास हस्तोपचारापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी होणे अनिवार्य आहे. तरुणांमध्ये सकाळी दीर्घकाळ टिकणारा व हालचालीने कमी होणारा पाठीचा ताठरपणा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा असू शकतो. 'ड' जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता, रक्तक्षय व थायरॉइडची मंदता या साध्या तपासणीने कळणाऱ्या कारणांचाही आधी विचार करावा लागतो.

महाराष्ट्रातील हस्तोपचार

महाराष्ट्रात हाताने उपचार करण्याची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदातील अभ्यंग, बाळंतिणीचे व तान्ह्या मुलाचे मालिश, तालमीत वस्तादांनी लचकलेला सांधा चोळून देणे, हाडवैद्याने मोडलेल्या हातास बांबूच्या कामट्या बांधणे, ही तिची परिचित रूपे होत. 'उसण भरणे', 'चमक भरणे', 'शिर चढणे', 'बेंबी सरकणे' हे शब्दप्रयोग शरीरातील काहीतरी जागचे हलले आहे, ही कल्पनाच व्यक्त करतात. स्टिल यांच्या मूळ विचाराशी तिचे साम्य नजरेत भरते. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने पाठीवर पाय लावला की उसण जाते, ही समजूतही सर्वपरिचित आहे. साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. त्यामुळे जो उपाय त्या दिवसांत केला, त्यालाच यश दिले जाते. हीच दक्षता ऑस्टिओपॅथीच्या अनुभवकथा वाचतानाही घ्यावी लागते.

आधुनिक पुनर्वसनशास्त्राचा भारतातील पाया मुंबईत घातला गेला. मूळच्या अमेरिकन असलेल्या व विवाहानंतर निंबकर झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. त्याच दशकाच्या आरंभी, पोलिओच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तेथेच भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, विद्यालय उभे राहिले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. ऑस्टिओपॅथीतील अनेक तंत्रे आज भौतिकोपचारातही वापरली जातात.

खालापूर तालुक्यातून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. जुनाट कंबरदुखीत योगाभ्यासाने कार्यक्षमतेत अल्प ते मध्यम सुधारणा होते, असे २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात आढळले. त्यात १२ चाचण्यांतील १,०८० रुग्णांचा समावेश होता.

कायदेशीर स्थिती

आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा व होमिओपॅथी या आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत ऑस्टिओपॅथी येत नाही. ओडिशातील श्री श्री विद्यापीठात तिचा पदवी अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात भौतिकोपचार व व्यवसायोपचार या व्यवसायांसाठी स्वतंत्र राज्य परिषद असून राष्ट्रीय पातळीवर २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय अधिनियमात त्यांचा अंतर्भाव आहे. नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करण्यास महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये बंदी आहे. संधिवात, पक्षाघात आदी आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या व चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने प्रतिबंध केला आहे. 'ऑस्टिओपॅथ' ही पाटी हाच अर्हतेचा पुरावा होऊ शकत नाही. त्या व्यक्तीची मूळ पदवी व नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

ग्रामीण संदर्भ : कर्जत व खालापूर

शेलू हे मध्य रेल्वेच्या मुंबई–कर्जत मार्गावरील वांगणी व नेरळ यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. या पट्ट्यातून असंख्य नोकरदार रोज मुंबई-ठाण्याकडे लोकलने ये-जा करतात. भातलावणीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या स्त्रिया, वीटभट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबे, डोक्यावरून पाणी व मोळी वाहणाऱ्या ठाकर स्त्रिया यांच्या कंबरदुखीची कारणे श्रमाच्या स्वरूपातच दडलेली असतात. त्यांच्यासाठी आरोग्याची पहिली पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र व कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय. मुंबईतील मोठ्या रुग्णालयात दर आठवड्याला जायचे तर प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते.

हातांनी दिलेला आराम बहुधा तात्पुरता असतो आणि तो टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा यावे लागते. म्हणून अशा भागात घरी करता येणारे व्यायाम शिकवणे, ओझे उचलण्याची रीत बदलणे, कामाच्या मध्ये विसावा घेणे आणि दुखणे खरे आहे हे कुटुंबीयांना समजावून सांगणे हेच उपचाराचे मुख्य अंग ठरते. ज्या उपचारकाकडे जाण्याची गरज उत्तरोत्तर कमी होत जाते, त्याचा उपचार सफल झाला असे म्हणता येते. उलट, पहिल्याच भेटीत वीस-पंचवीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणे, चालू औषधे बंद करायला सांगणे किंवा प्रत्येक आजाराचे मूळ कण्यात असल्याचे सांगणे ही सावध होण्याची लक्षणे होत.

मूल्यमापन

टीकाकारांच्या मते ऑस्टिओपॅथीची मूळ सैद्धान्तिक बैठक कालबाह्य झाली असून तिच्यातील उपयुक्त भाग भौतिकोपचाराने केव्हाच आत्मसात केला आहे. समर्थकांच्या मते रुग्णाला वेळ देणे, त्याच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावून तपासणे आणि एका अवयवाऐवजी संपूर्ण माणसाचा विचार करणे ही तिची खरी देणगी आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णाला नेमकी याचीच उणीव भासते. तो अन्यत्र वळतो त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. ऐकून घेणे हा उपचाराचा भाग आहे, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होऊ शकते. परंतु ऐकून घेणे निदानाची जागा घेऊ शकत नाही.

हेही पहा

• भौतिकोपचार
• व्यवसायोपचार
• फायब्रोमायल्जिया
• कण्याचा क्षय
• कैवल्यधाम